चढ लागला की वाजणारं इंजिन

आवाज मोठा नव्हता. काचा वर करून गाणी लावली असती तर कळलाही नसता. इंजिन नीट गरम झालेलं, गाडी चौथ्या गिअरमध्ये, समोर चढ, आणि अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याहून जास्त दाबलेला, एवढं सगळं जुळून आलं की पुढून एक बारीक, कोरडी खडखड सुरू व्हायची. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. पाय सैल केला की लगेच बंद. तिसरा गिअर टाकला, तरी बंद.

हे वर्णन इतकं नेटकं लिहिता येतंय ते आत्ता, सगळं संपल्यावर. सुरुवातीला गॅरेजमध्ये आपण सगळेच सांगतो तेवढंच मीही सांगितलं होतं: ‘रेस दिली की इंजिन वाजतंय.’ या एका वाक्यात निदान डझनभर आजार बसतात. मेकॅनिकने गाडी उभ्यानेच रेस केली, बॉनेट उघडून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावली, आणि मान हलवली. ‘मॅडम, बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागणार.’

मी म्हटलं, ‘पण उभ्या गाडीत तो आवाज येतच नाही.’

‘येतोय की, ऐका.’

आणि खरंच काहीतरी येत होतं. आरपीएमची, म्हणजे इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची, सुई २२०० च्या आसपास पोचली की एक झणझणाट उठायचा आणि २५०० ला विरून जायचा. पण हा माझा चढावरचा आवाज नव्हता. तो कोरडा आणि तुटक होता, हा पत्र्याचा आणि सलग. एका गाडीत दोन आवाज होते, आणि दोघं मिळून त्यांना एकच समजून बोलत होतो. इंजिन उतरवायला मी नको म्हटलं आणि गाडी घरी आणली.

पत्र्याचा आवाज सापडायला फार वेळ लागला नाही. इंजिन थंड असताना गाडीखाली वाकून एक्झॉस्टच्या पाइपवरचं हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, हाताने हलवलं तर एका बाजूने सुटं होतं. बोल्टभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं झालं होतं. इंजिनचा कंप ठरावीक आरपीएमला त्या पत्र्याच्या स्वतःच्या कंपाशी जुळला की तो वाजतो, पुढे गेलं की गप्प. स्टेनलेस स्टीलचा मोठा होज क्लॅम्प पाइपभोवती आवळून शील्ड बांधून टाकलं. उभ्या गाडीतला झणझणाट गेला. चढावरची खडखड आहे तशीच राहिली.

या निमित्ताने एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली. आवाज कुठून येतो हे कानाने ठरवायला जाऊ नये. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियममधून आवाज इतका सहज फिरतो की मागच्या सिलिंडरमधला ठोका पुढच्या टायमिंग कव्हरवर ऐकू येतो. त्यापेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा येत नाही याची नोंद जास्त कामाची. मी एक छोटी वही गाडीत ठेवली आणि भाच्याला शेजारी बसवलं. त्याला गाड्यांचं वेड आहे, आणि मुख्य म्हणजे मी चालवताना आकडे वाचायला आणि लिहायला दुसरं माणूस हवंच. रस्त्यावर नजर ठेवून स्क्रीनवरचे आकडे वाचता येत नाहीत. ज्यांना येतात असं वाटतं त्यांच्या गाडीत मी बसत नाही.

वहीत जमलेल्या नोंदी अशा. थंड इंजिनात आवाज नाही. न्यूट्रलमध्ये कितीही रेस दिली तरी नाही. सपाट रस्त्यावर हळूहळू वेग वाढवला तर नाही. चढावर, १८०० ते २५०० आरपीएम, अ‍ॅक्सिलरेटर बराच दाबलेला: हो, हमखास. त्याच चढावर त्याच वेगाला एक गिअर खाली: नाही. गाडीत माणसं जास्त, हवा गरम: जास्त जोरात. स्टीअरिंग वळवल्याने काही फरक नाही. क्लच दाबला की तत्क्षणी बंद.

एवढ्या नोंदींवर किती उमेदवार बाद होतात ते बघण्यासारखं आहे. इंजिन माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर ‘धप्’ असा एकच ठोका बसतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना एक. सलग खडखड होत नाही. बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा, वळणावर कटकटतो, आणि त्याची कटकट चाकाच्या वेगाशी बांधलेली असते, इंजिनच्या नाही. पिस्टन स्लॅप, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन आडवा आपटणं, थंड इंजिनात वाजतो आणि पिस्टन गरम होऊन फुगला की कमी होतो. माझं नेमकं उलट होतं. झडपा उघडणारे टॅपेट वाजले तर न्यूट्रलमध्येही वाजतात, आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने त्यांची टकटक इंजिनच्या वेगाच्या मानाने संथ वाटते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असेल तर त्याची टिकटिक लोड आल्यावर वाढते खरी, पण ती थंड इंजिनात सगळ्यात स्पष्ट असते आणि धातू तापून प्रसरण पावला की बऱ्याचदा दबते. (ही टिकटिक माझ्या गाडीत थोडीशी आहे. ती वेगळी.)

उरले दोन. एक, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, ज्याची पहिल्या मेकॅनिकला खात्री होती. दुसरा, ज्याला आपण नुसतं ‘इंजिन नॉक करतंय’ म्हणतो तो, म्हणजे डेटोनेशन.

या दोघांतला फरक किरकोळ नाही. रॉडचं बेअरिंग खरंच गेलेलं असेल तर गाडी चालवत राहणं म्हणजे एखाद्या दिवशी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल याची वाट बघणं. म्हणून आधी ते निकालात काढायचं ठरवलं. रॉडचा ठोका जड असतो, ठकठक असा, आणि पेट्रोल बदललं, गिअर बदलला म्हणून तो नाहीसा होत नाही. आरपीएमबरोबर वाढतो आणि न्यूट्रलमध्येही, विशेषतः रेस देऊन पाय सोडताना, ऐकू येतो. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथला मेकॅनिक कमी बोलणारा आणि जास्त ऐकणारा निघाला. त्याने इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहिला. एखाद्या सिलिंडरमधलं बेअरिंग सैल असेल तर त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटणं थांबल्यावर रॉडवरचा मार जातो आणि ठोका मऊ होतो. माझ्या गाडीत प्रत्येक कनेक्टरला इंजिन लंगडं झालं, बाकी ऐकण्यासारखं काही नाही. मग ऑइल काढलं आणि जुना ऑइल फिल्टर कापून त्यातला कागद उघडून पसरला. बेअरिंग झिजत असेल तर या घड्यांमध्ये चकाकणारा चुरा सापडतो. घड्या काळ्या होत्या, पण स्वच्छ काळ्या. ऑइल प्रेशरही गरम इंजिनात पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत होतं.

बेअरिंग शाबूत. इंजिन उतरवायचं नव्हतं.

आता डेटोनेशन. पेट्रोल इंजिनात ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधी पडते, आणि ज्वाला स्पार्क प्लगपासून निघून पुढे पसरत जाते. हे व्हायला वेळ लागतो, अगदी थोडा, पण लागतो. तेवढ्यात कोपऱ्यात उरलेलं, अजून न पेटलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने तापत जातं. ज्वाला तिथं पोचायच्या आत ते आपणहून पेटलं तर सगळं एकदम पेटतं, दाबाची लाट उठते आणि सिलिंडरच्या भिंतींवर पुढे-मागे आपटत राहते. साध्या मोटारीच्या सिलिंडरच्या मापाला ही लाट साधारण सहा-सात हजार हर्ट्झची असते, म्हणून तो आवाज असा चुरचुरीत, धातूचा येतो. कमी आरपीएम आणि जास्त लोड ही त्याची आवडती जागा, कारण सिलिंडरमध्ये मिश्रण भरपूर शिरलेलं असतं आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला शिजायला वेळही मिळतो. गिअर खाली टाकला की आरपीएम वाढतात, वेळ कमी होतो, पायही कमी दाबावा लागतो. वहीतल्या नोंदी या वर्णनावर जशाच्या तशा बसत होत्या.

पडताळा सोपा होता. टाकी बरीच रिकामी होऊ दिली आणि वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. चढावर आवाज जवळजवळ गेला.

ऑक्टेनबद्दल लोकांत बरेच गैरसमज आहेत, त्यातला सगळ्यात टिकाऊ म्हणजे जास्त ऑक्टेनमध्ये जास्त ताकद. हा आकडा फक्त एवढंच सांगतो की पेट्रोल दाबाखाली आपणहून पेटण्याला किती विरोध करतं. ही मोजपट्टी १९२६ साली ग्रॅहॅम एडगर यांनी सुचवली: आयसोऑक्टेनला १००, नॉर्मल हेप्टेनला ०, आणि बाकीची पेट्रोलं या दोघांच्या मिश्रणाशी ताडून बघायची. नॉकिंगचं दुखणं इतकं जुनं आहे की त्यावरचा उतारा म्हणून १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती शोधली, आणि ते विष जगभरच्या मोटारींच्या पेट्रोलमधून पूर्ण जायला २०२१ उजाडलं. शेवटचा देश अल्जीरिया. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: पुस्तिकेतला आकडा कुठल्या पद्धतीचा आहे ते बघावं. बहुतेक देशांत ‘रॉन’ (रिसर्च ऑक्टेन नंबर) छापतात, अमेरिकेत ‘एकेआय’ (अँटी-नॉक इंडेक्स). ९१ रॉन म्हणजे साधारण ८७ एकेआय. नुसते आकडे बघून दोन देशांच्या पुस्तिका ताडल्या तर उगाच घाबरायला होतं.

ऑक्टेन वाढवल्यावर आवाज गेला, म्हणजे तो डेटोनेशनचाच होता. बेअरिंगला पेट्रोलच्या दर्जाशी काही देणंघेणं नसतं.

मेकॅनिक म्हणाला, ‘मग हेच भरत राहा की. विषय संपला.’

बरेच जण इथेच थांबतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण मला ते पटेना. ही गाडी पुस्तिकेत सांगितलेल्या पेट्रोलवर वर्षानुवर्षं न कुरकुरता चढ चढली होती. इंजिनची रचना मध्यंतरी बदललेली नाही. मग आत्ताच तिला भारी पेट्रोल का लागावं? काहीतरी बिघडलं होतं आणि ऑक्टेन ते झाकत होता. शिवाय दुसरा प्रश्न मला जास्त छळत होता. आजच्या इंजिनावर नॉक सेन्सर असतो. ब्लॉकला बोल्टने जखडलेला तो एक छोटा पिझो-इलेक्ट्रिक, म्हणजे कंपाची वीज करणारा, कान आहे. नॉकचा कंप आला की तो कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर ठिणगी काही अंश उशिरा पाडून नॉक थांबवतो. हे इतक्या पटकन होतं की माणसाच्या कानाला क्वचितच काही कळावं. मला तर पूर्ण चढभर ऐकू येत होतं. तो कान काय करत होता?

डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागलेला नव्हता. स्कॅनरमध्ये बिघाडाचा एकही कोड नाही. मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ नाही, नॉक सेन्सरच्या सर्किटचा पी०३२५ नाही. कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं मानणारे लोक इथे गाडी परत घेऊन जातात. पण स्कॅनरचा खरा उपयोग चालू गाडीतले आकडे बघण्यात आहे.

मी चालवत होते, भाचा वाचत होता. ‘मावशी, आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत, फ्युएल ट्रिम अधिक तीन. आता सपाटीला अधिक पाच. आता पाय दाब... आठ... बारा... अठरा!’ आणि अठरा म्हणेपर्यंत खडखड सुरू झाली होती.

फ्युएल ट्रिम म्हणजे कॉम्प्युटरने ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवावं किंवा कमी करावं लागतंय त्याचा आकडा. अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असला तर कोणी लक्ष देत नाही. अठरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि कॉम्प्युटर धडपड करतोय. तरीही पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.२ व्होल्टवर पडून होता, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर जिथे तो ०.८ च्या वर जायला हवा तिथेही वर येत नव्हता. मिश्रण खरोखरच पातळ होत होतं, म्हणजे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणापेक्षा पेट्रोल कमी. लोड असताना इंजिनला उलट थोडं जास्त पेट्रोल लागतं, कारण त्याच्या वाफ होण्याने आतलं तापमान उतरतं. ते मिळालं नाही की कोपऱ्यातलं मिश्रण तापतं आणि नॉक होतो. कोड का आला नाही तेही यातून कळतं: कॉम्प्युटर दीर्घ सरासरी बघून कोड देतो, आणि माझी गाडी बहुतेक वेळ सपाटीवर असते.

ट्रिमचा आकडा कुठे वाढतो यावरून पुढची दिशा मिळते. इनटेकमध्ये कुठे हवा चोरून शिरत असेल तर आयडलला ट्रिम वाढलेला दिसतो आणि रेस दिली की उतरतो, कारण एकूण हवा वाढल्यावर त्या गळतीचा वाटा नगण्य होतो. माझ्याकडे उलट होतं, म्हणून गळती बाद. उरली दोन कारणं: हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळला असेल आणि हवा कमी मोजत असेल, किंवा पेट्रोल पोचतच नसेल.

एमएएफ सोपा, म्हणून आधी तो. एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला असतो. काढला, त्यासाठीच मिळणारा स्प्रे लांबून मारला, बोट किंवा कापूस अजिबात न लावता वाळू दिला. आतली तार इतकी नाजूक असते की पुसायला गेलं की नवा सेन्सर घ्यावा लागतो. ट्रिममध्ये ढिम्म फरक नाही. तसंही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर स्कॅनरवरचा ‘कॅल्क्युलेटेड लोड’ नव्वदच्या आसपास दिसत होता, म्हणजे हवेची मोजदाद ठीक होती.

मग पेट्रोलचा दाब. यासाठी गॅरेजच गाठलं, कारण दाबाखालच्या पेट्रोलच्या नळीशी घरी खेळ करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तिकेप्रमाणे दाब हवा ३.५ बार. आयडलला गेजवर ३.४. मेकॅनिकने गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर घेऊन गेज काचेवर पक्का बांधला आणि स्वतः गाडी चढावर नेली. सुई हळूहळू घसरत २.५ वर आली, आणि तिथं खडखड.

घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मात्र मला मनापासून आनंद झाला. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. २.५ भागिले ३.५, त्याचं वर्गमूळ सुमारे ०.८५. म्हणजे पंधरा टक्के पेट्रोल कमी. ते भरून काढायला इंजेक्टर किती जास्त वेळ उघडा ठेवावा लागेल? एक भागिले ०.८५, म्हणजे अठरा टक्के जास्त. भाच्याने वाचलेला आकडा. इतका चोख हिशोब नेहमी जुळत नाही, पण जुळला की शोध योग्य वाटेवर आहे एवढं नक्की.

दाब का पडतो? पंपाला वीज कमी मिळत असेल तरी पडतो, म्हणून पंपाच्या कनेक्टरवर चालू इंजिनात व्होल्टेज मोजलं. बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा किंचितच कमी, चिंता नाही. मग मागची सीट उचलून, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून, मोकळ्या हवेत टाकीवरचं झाकण उघडलं. पंपाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती मूळची पांढरी असते म्हणे. आमची गडद तपकिरी होती आणि तळाशी चिकट थर बसलेला. माझ्या गाडीत मुख्य फिल्टरही त्याच युनिटमध्ये टाकीच्या आत आहे. बऱ्याच गाड्यांत तो आता बाहेर नसतोच, त्यामुळे तो बदलण्याची आठवणही कोणाला होत नाही. जाळी आणि फिल्टर दोन्ही बदलले, टाकीचा तळ पुसून घेतला. पंप तोच ठेवला. चढावर दाब ३.४ च्या खाली उतरला नाही, आणि ट्रिम अधिक चारवर स्थिर.

पुन्हा पुस्तिकेतल्या ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. खडखड जवळपास संपली. पण पूर्णपणे नाही. दुपारच्या उन्हात, गाडी माणसांनी भरलेली असताना, चढाच्या सुरुवातीला एखाद-दुसरी चुरचुर अजून ऐकू यायची. मेकॅनिकच्या मते एवढं चालतं. त्याचं चूक नव्हतं. अधूनमधूनच्या हलक्या नॉकने इंजिन मोडत नाही. मोडतं ते रोजच्या, जोरदार नॉकने: पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, पिस्टनचा माथा खडबडीत होतो, हेड गॅस्केट जातं. मला बोचत होता तो दुसरा प्रश्न, ज्याचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतं.

साध्या स्कॅनरवर ठिणगी किती अंश आधी पडते तेवढंच दिसतं. मेकॅनिकच्या स्कॅनरवर कंपनीच्या खास यादीतला ‘नॉक रिटार्ड’, म्हणजे नॉकमुळे ठिणगी किती अंश मागे घेतली, हा आकडाही होता. चढावर नॉक ऐकू येत असताना तो शून्य. जोरात ऐकू यायचा तेव्हाच्या जुन्या नोंदीतही शून्य. कॉम्प्युटरने ठिणगी एका अंशानेही मागे घेतली नव्हती, म्हणजे त्याला नॉक ऐकूच येत नव्हता.

सेन्सर मल्टिमीटरवर तपासला तर तार, कनेक्टर, सगळं जागच्या जागी. म्हणूनच पी०३२५ आला नव्हता. तो कोड तार तुटली किंवा शॉर्ट झाली की येतो, सेन्सर नीट टेकलेला आहे की नाही हे त्याला कळत नाही. काही जण ब्लॉकवर पान्याने टकटक करून टायमिंग मागे जातं का बघतात. आम्हीही केलं, काही हललं नाही, पण त्यावर फार भरवसा ठेवू नये: बरेच कॉम्प्युटर क्रँक ठरावीक कोनात असतानाच ऐकतात, त्यामुळे आपण मारलेली टकटक त्यांच्या ऐकण्याच्या वेळेत पडेलच असं नाही.

सेन्सर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, हाताला न लागणाऱ्या जागी. मॅनिफोल्ड काढावं लागलं, आणि नव्या गॅस्केटचा खर्च-खटाटोप बघून मेकॅनिकने मला एकदा विचारलंही, ‘नक्की उघडू ना?’ उघडल्यावर मात्र तो स्वतःच हसला. सेन्सर आणि ब्लॉक यांच्यामध्ये कोणीतरी एक स्प्रिंग वॉशर घातला होता. त्याच्याखालच्या जागेवर गंजाचा पापुद्रा, आणि बोल्ट इतका आवळलेला की काढताना कचकचला. मॅनिफोल्ड पूर्वी कधीतरी दुसऱ्या कामासाठी उतरवलं गेलं होतं, तेव्हा हा वॉशर आत गेला असणार. कोणी घातला हे शोधण्यात मला रस नव्हता. चांगल्या हेतूनेच घातला असेल. बोल्टखाली वॉशर घालणं हा हाताला लागलेला चांगला संस्कार आहे. इथे नेमका तो नडतो. या सेन्सरची सपाट धातूची कडी ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर थेट टेकावी लागते, मध्ये काहीही नको, आणि बोल्ट ठरल्याइतकाच आवळावा लागतो. अशा प्रकारच्या सेन्सरचा बोल्ट सहसा आठ मिलिमीटरचा असतो आणि तो सुमारे २० न्यूटन-मीटरला आवळतात. सैल राहिला तरी कान बधिर, जास्त आवळला तरी बधिर.

जागा बारीक पॉलिश पेपरने घासून उघडी केली, वॉशर फेकला, नवा सेन्सर टॉर्क रेंचने बसवला. जुना सेन्सर कदाचित चांगलाही असेल, पण तिथपर्यंत परत हात घालायची आम्हा दोघांचीही तयारी नव्हती. मॅनिफोल्ड उघडलेलंच होतं तर प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टनचे माथे पाहून घेतले. कार्बनचा पातळ थर, कडा शाबूत, खड्डे नाहीत. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मात्र काळे बारीक ठिपके दिसले, मिरीची पूड पडल्याइतके दाट नव्हेत, पण होते; तेवढा नॉकचा पुरावा मागे राहिला होता. प्लग बदलले, त्याच हीट रेंजचे. ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, प्लग घालायचा सल्ला एकाने दिला होता. रोजच्या वापरात तो काजळी धरतो, म्हणून नको म्हटलं.

मग पुन्हा तोच चढ, गाडी भरलेली, पुस्तिकेतलंच पेट्रोल, चौथा गिअर मुद्दाम न बदलता. भाचा वाचत होता. ‘रिटार्ड शून्य... शून्य... दोन... तीन... एक... शून्य.’ कानाला काहीच नाही. कॉम्प्युटरला सुरुवातीला नॉकची चाहूल लागली, त्याने ठिणगी तीन अंश मागे घेतली आणि धोका टळल्यावर हळूहळू परत पुढे आणली. हे काम तो इतकी वर्षं न सांगता करत आला असणार. जाळी बदलल्यावर सुधारलेला पिकअपही आता जाणवण्याइतका होता, विशेषतः ओव्हरटेक करताना.

पहिल्या मेकॅनिकने सांगितलं तसं इंजिन उतरवलं असतं तर नवी बेअरिंग पडली असती, टाकीतली जाळी तशीच राहिली असती, आणि इंजिन परत चढवताना सेन्सरखालचा वॉशर बहुधा जसाच्या तसा परत बसला असता.

आता गाडीत एकच आवाज उरलाय, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा. थंडीत सुरू केल्यावर टिकटिक, तापलं की बंद. गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा डाग आहे, म्हणजे तिथूनच फुंकतंय. मॅनिफोल्डचे दोन स्टड गंजलेले आहेत आणि तुटले तर ड्रिल करून काढावे लागतील, म्हणून ते काम घाईत काढलेलं नाही. इंजिन थंड असताना अधूनमधून स्टडवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवते; पुढच्या सर्व्हिसला गॅस्केट बदलून टाकू.